सहलीला कोण जातं आणि मागे कोण राहतं? एका कला-सहलीतून समजून घेऊ संशोधनाची रचना

‘शैक्षणिक सहलीमुळे विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास होतो.’ हे वाक्य तुम्ही शाळेच्या अहवालात किंवा पालकांना पाठवलेल्या परिपत्रकात कुठे ना कुठे वाचलेलं असणार. वाचलं, मान डोलावली, सोडून दिलं. पण आता तुम्ही पेट किंवा सेट-नेटची तयारी करताय. उद्या संशोधन समितीसमोर बसून आपला विषय मांडायचाय. तेव्हा हेच वाक्य जरा संशयाने वाचून बघा. विकास झाला हे कोणी पाहिलं? कशाने मोजलं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, सहलीला न जाताही तो झालाच नसता, हे कशावरून?

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात प्रायोगिक गट, नियंत्रित गट, यादृच्छिक निवड हे शब्द येतात. आपण व्याख्या पाठ करतो, बहुपर्यायी प्रश्न सोडवतो, गुणही मिळतात. मुलाखतीत मात्र ‘तुमच्या अभ्यासात तुलना कोणाशी?’ असं विचारलं की गडबड होते. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. उदाहरण आहे सातवीच्या मुलांची मोठ्या शहरात कला पाहायला गेलेली सहल.

प्रश्न आधी नीट मांडू

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेची सातवीची मुलं मुंबईला निघाली आहेत. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. नेहमीचं मुंबई दर्शन नाही. राणीची बाग नाही, चौपाटी नाही. थेट काळा घोडा. तिथे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जॉर्ज विटेटने आराखडा केलेली ही इमारत १९२२ साली लोकांसाठी खुली झाली. जवळच १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी. रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जे १९९६ पासून सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या इमारतीत आहे. सगळं पायी फिरता येतं. संध्याकाळी नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये एखादं नाटक बघून रात्रीच्या गाडीने परत.

आता ‘या सहलीचा मुलांवर काय परिणाम होतो?’ हा संशोधनाचा प्रश्न झाला का? नाही. हे कुतूहल झालं. त्याचा प्रश्न करायचा तर चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोणावर, कशावर, कशाच्या तुलनेत आणि किती दिवसांनी. उदाहरणार्थ, ‘सातवीच्या ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये, न पाहिलेल्या चित्राबद्दल विचार करून लिहिण्याच्या क्षमतेत, त्याच आठवड्यात नेहमीचे तास बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत, सहलीनंतर एका महिन्याने फरक दिसतो का?’ लांबलचक आहे, मान्य. पण यात प्रत्येक शब्दाला काम आहे. यातला ‘तुलनेत’ काढून टाकला तर बाकी सगळं असून नसल्यासारखं होतं.

गेलेली मुलं आणि राहिलेली मुलं

सगळ्यात सोपी तुलना कोणती सुचेल? वर्गात साठ मुलं आहेत. अडतीस सहलीला गेली, बावीस घरी राहिली. महिन्याने सगळ्यांना एक चित्र दाखवा, निबंध लिहून घ्या, दोन्ही गटांची सरासरी काढा. गेलेल्यांचे निबंध सरस निघाले की लिहा निष्कर्ष, सहलीचा फायदा होतो.

थांबा जरा. ती बावीस मुलं घरी का राहिली?

कोणाच्या घरी पैसे नव्हते. कोणाच्या घरी पैसे होते, पण मुलीला रात्रीच्या प्रवासाला पाठवायला आजी तयार नव्हती. आपल्याकडे सहलींचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी, आणि ऊसतोडीचा हंगामही तेव्हाच असतो. कोणाचे आईवडील तोडीला गेलेले, धाकट्या भावाला सांभाळायला मागे हाच. आणि गेलेली मुलं? त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी पेपर येतो, गोष्टीची पुस्तकं आहेत, मामा पुण्यात आहे. सहल नसती निघाली तरी त्यांचे निबंध सरसच असते.

म्हणजे आपण सहलीचा परिणाम मोजायला निघालो आणि मोजली घरची परिस्थिती. याला निवडीचा पक्षपात म्हणतात. कोणी मुद्दाम केलेला पक्षपात नव्हे हा. दोन गट तयार होतानाच ते वेगळे झाले, एवढंच.

दुसरी युक्ती सुचेल, की फक्त गेलेल्या मुलांचीच आधी आणि नंतर चाचणी घेऊ. पण सातवीचं मूल दोन महिन्यांत तसंही मोठं होतं. मराठीच्या बाईंनी मधल्या काळात निबंधलेखन शिकवलेलं असतं. शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावाने सोपी जाते. हे सगळं सहलीच्या खात्यात जमा होणार.

तिसरी युक्ती सांख्यिकीवाल्यांची. पालकांचं उत्पन्न, शिक्षण, आधीचे गुण ही माहिती गोळा करायची आणि आकडेमोडीत तो फरक वजा करायचा. हे बरं आहे, पण जे मोजलं तेवढंच वजा होतं. एखाद्या मुलीने आठ दिवस घरात हट्ट धरला, जेवली नाही, आणि शेवटी वडिलांनी कुठून तरी पैसे आणले. त्या हट्टासाठी तुमच्या तक्त्यात रकाना कुठे आहे? आणि तोच हट्ट तिला पुढे निबंधही नेटाने लिहायला लावणार.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. प्रयोगशाळेत एकाच द्रावणाचे दोन भाग केले, एकात अभिकारक घातला, दुसरा तसाच ठेवला की काम झालं. दोन्ही भाग सुरुवातीला सारखे होते याबद्दल शंका नसते. माणसांच्या अभ्यासात खरी मेहनत या ‘सुरुवातीला सारखे’साठीच करावी लागते.

चिठ्ठ्या टाकणं

यावरचा उपाय आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. कोण जाणार हे पैशाने नाही, हट्टाने नाही, शिक्षकांच्या मर्जीनेही नाही, फक्त नशिबाने ठरवायचं. पुरेशी मुलं असतील तर हट्टी मुलं दोन्हीकडे साधारण सारखी वाटली जातात, गरीब घरची मुलंही दोन्हीकडे. जे मोजता येतं तेही सारखं वाटलं जातं आणि जे मोजता येत नाही तेही. यादृच्छिक निवडीचं सगळं बळ या शेवटच्या वाक्यात आहे. मुलाखतीत विचारलं तर व्याख्येऐवजी हे सांगा.

‘पण शाळेच्या सहलीत असं कोण करणार?’ असं वाटेल. केलेलं आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेंटनविल नावाच्या गावात नोव्हेंबर २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे अमेरिकन कलेचं मोठं संग्रहालय उघडलं. बेंटनविल काही महानगर नाही, आणि त्या भागात एवढं मोठं कलासंग्रहालय आधी नव्हतं. त्यामुळे बहुतेक मुलांसाठी हा अनुभव नवाच होता. शाळांना सहल पूर्ण मोफत होती: प्रवेश, बसभाडं, जेवण, इतकंच काय, वर्ग सांभाळायला येणाऱ्या बदली शिक्षकाचा खर्चसुद्धा. साहजिकच अर्जांचा पाऊस पडला. पहिल्या दोन सत्रांसाठी ५२५ शालेय गटांनी अर्ज केले, त्यात मिळून ३८,३४७ विद्यार्थी होते. सगळ्यांना लगेच नेणं शक्यच नव्हतं.

जे गाऱ्हाणं ठरलं असतं, त्याचा जे ग्रीन, ब्रायन किसिडा आणि डॅनियल बोवेन या संशोधकांनी अभ्यास करून टाकला. त्यांनी अर्जदार गटांच्या जोड्या लावल्या. उदाहरणार्थ, एकाच शाळेतले लागोपाठच्या इयत्तांचे दोन वर्ग. मग प्रत्येक जोडीत चिठ्ठीने ठरवलं, की कोण आत्ता जाणार आणि कोण नंतर. ‘नंतर’वाल्यांना पुढच्या सत्रात सहलीची हमी होती. म्हणजे कोणाचीच सहल हुकली नाही, फक्त क्रम चिठ्ठीने लागला. १२३ शाळांमधल्या १०,९१२ विद्यार्थ्यांची आणि ४८९ शिक्षकांची प्रश्नावली भरून घेतली गेली, सहलीनंतर सरासरी तीन आठवड्यांनी.

या रचनेचा एक गुण लक्षात ठेवा. नियंत्रित गट म्हणजे वंचित ठेवलेला गट असंच काही नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तेव्हा कोणाला तरी थांबावंच लागतं. मग ओळखीने थांबवण्यापेक्षा चिठ्ठीने थांबवणं जास्त न्यायाचं, आणि त्यातूनच तुलनाही मिळते. प्रतीक्षा-यादीच्या या रचनेला नीतिमत्ता समितीत सहसा फारशी अडचण येत नाही.

काय मोजायचं?

‘सहल आवडली का?’ हा प्रश्न विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणणार. बसमधली मागची सीट आवडली असेल तरी ‘हो’च.

या संशोधकांनी काय मोजलं ते पाहण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, आठवण. सहलीत मुलं तासभर फिरायची आणि साधारण पाचच चित्रांपुढे थांबून बोलायची. ईस्टमन जॉन्सनच्या एका चित्रात माणसं मेपलच्या रसापासून साखर तयार करताना दिसतात. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरधंद्याला विरोध म्हणून गुलामगिरीविरोधकांनी हा उद्योग केला होता. ते चित्र पाहिलेल्या मुलांपैकी ८८ टक्के मुलांना हा संदर्भ काही आठवड्यांनंतरही सांगता आला. यावर परीक्षा होणार नव्हती, कोणी पाठही करून घेतलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, विचार करण्याची क्षमता. इथे चलाखी बघा. सहलीत दाखवलेलं चित्र चाचणीत दिलं असतं तर गेलेल्या मुलांना उघड फायदा झाला असता. म्हणून दोन्ही गटांना बो बार्टलेट या चित्रकाराचं असं चित्र दिलं, जे कोणीच पाहिलेलं नव्हतं, आणि ‘यात काय चाललंय, कशावरून वाटतं?’ यावर निबंध लिहायला सांगितलं. निबंध तपासणाऱ्याला कुठला निबंध कोणत्या गटातला हे माहीत नव्हतं. तुमच्या अभ्यासात तपासनीस तुम्हीच असाल तर हे विशेष सांभाळा. आपल्याच मार्गदर्शकाच्या गृहीतकाला आपला लाल पेन नकळत मदत करत असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. मुलांना संग्रहालयाची पुन्हा सहकुटुंब, मोफत भेट देणारं कूपन दिलं. दोन्ही गटांच्या कूपनांवर वेगवेगळे संकेतांक होते. नंतर कोणती कूपनं परत आली ते मोजलं. सहलीला गेलेल्या गटातल्या मुलांनी घरच्यांना घेऊन येण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघालं. ‘तुला कलेत रस आहे का?’ याचं उत्तर द्यायला मुलाला काही पडत नाही. आईबाबांना सुट्टीच्या दिवशी उठवून तिथवर आणायला पडतं. प्रश्नावलीतलं मत आणि प्रत्यक्ष वागणं, दोन्ही मोजता आलं तर दोन्ही मोजा.

आकडा कसा वाचायचा?

निबंधातल्या विचारक्षमतेत सगळ्या मुलांचा मिळून फरक निघाला प्रमाण विचलनाच्या ९ टक्के, म्हणजे ०.०९. हे मोठं की लहान?

असं समजा, शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी आहेत आणि आपलं मूल बरोबर मध्ये, पन्नासाव्या जागेवर आहे. ०.०९ ची वाढ म्हणजे ते साधारण चार जागा पुढे सरकलं. लहानच वाढ आहे. पण ती अर्ध्या दिवसाच्या सहलीतली आहे हे विसरू नका.

आता पुढचा आकडा. ग्रामीण शाळांतल्या मुलांमध्ये हाच फरक जवळजवळ एक तृतीयांश प्रमाण विचलन निघाला. म्हणजे पन्नासाव्या जागेवरचं मूल साधारण त्रेसष्टाव्या जागेवर. गरिबीचं प्रमाण जास्त असलेल्या शाळांमध्येही फरक सरासरीच्या दुप्पट होता, १८ टक्के.

याचा अर्थ नीट लावा. ज्या मुलांना असं काही पाहायला मिळण्याची शक्यता एरवी सगळ्यात कमी, त्यांच्यात सहलीने सगळ्यात जास्त फरक पडला. आणि आपल्या सोलापूरच्या उदाहरणात घरी राहिलेली ती बावीस मुलं कोण होती? बरोबर, तीच. वर्गणी गोळा करून काढलेल्या सहलीत, फायदा ज्यांना जास्त होऊ शकतो नेमकी तीच मुलं गळतात. म्हणून फक्त गेलेल्या मुलांवर अभ्यास केला तर दोन्हीकडून फसगत होते. घरच्या परिस्थितीचं श्रेय सहलीला जातं, आणि सहलीने जिथे खरोखर फरक पडला असता ती जागा आपल्या विदेत येतच नाही.

एक सावधगिरी. उपगटांचे आकडे मोहात पाडतात. मुलगे-मुली, शहर-गाव, डावरे-उजवे असे वीस तुकडे केले तर एखाद्यात योगायोगाने ‘सार्थ’ फरक सापडतोच. कोणते उपगट पाहणार आणि का, हे विदा हातात येण्याआधी आराखड्यात लिहून ठेवा.

चाळीस मुलं म्हणजे चाळीस नव्हेत

प्रबंधाच्या आराखड्यात ‘नमुना: ४०० विद्यार्थी’ असं वाक्य असतं. समजा, ते दहा शाळांमधून प्रत्येकी चाळीस असे घेतले. मग परीक्षक विचारतात, की खरा नमुना किती?

एका शाळेतली चाळीस मुलं एकाच बसमधून जातात, एकाच वाटाड्याचं ऐकतात, एकाच बाईंकडे निबंध शिकलेली असतात. ती एकमेकांसारखी असतात. एकाचं उत्तर कळलं की दुसऱ्याचं थोडं कळतंच. या सारखेपणाला गटांतर्गत सहसंबंध म्हणतात. तो ०.१० धरला तर हिशोब असा: गटाच्या आकारातून १ वजा करा, सहसंबंधाने गुणा, त्यात १ मिळवा. ३९ गुणिले ०.१० म्हणजे ३.९, अधिक १, म्हणजे ४.९. आता ४०० ला ४.९ ने भागा. उत्तर येतं साधारण ८२. कागदावर चारशे मुलं आणि माहिती ब्याऐंशी मुलांइतकी.

म्हणून चिठ्ठी शाळेची टाकली असेल तर शाळांची संख्या वाढवा. एकाच शाळेतली मुलं वाढवून फारसं हाती लागत नाही. ‘दोन शाळा घेतल्या, एक नेली, एक ठेवली’ अशी रचना तर टाळाच. त्यात सहलीचा परिणाम आणि मुख्याध्यापकांचा परिणाम वेगळे करायचा काही मार्ग उरत नाही.

सहलीतलं नेमकं काय लागू पडतं?

समजा, फरक सापडला. पण तो कलेमुळे, की एक दिवस शाळेला सुट्टी मिळाल्यामुळे? की रात्रीच्या गाडीत मित्रांबरोबर खाल्लेल्या चिवड्यामुळे?

ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न नाटकांच्या सहलींबाबत हाताळला. त्यातल्या काही गटांना चिठ्ठीने तीन वाटा होत्या. काहींनी रंगमंचावर नाटक पाहिलं, काहींना त्याच कथेचा चित्रपट पाहायला नेलं, काही शाळेतच राहिले. चित्रपटवाल्यांनाही बस मिळाली, सुट्टी मिळाली, कथाही तीच मिळाली. तरी कथानकाच्या समजेत आणि वेगळ्या मताच्या माणसांबद्दलच्या सहिष्णुतेत जो फायदा दिसला तो जिवंत नाटक पाहिलेल्यांना. तिसऱ्या गटाने काय केलं ते कळलं ना? त्याने ‘बाहेर जाणं’ आणि ‘नाटक पाहणं’ या दोन गोष्टी सुट्या केल्या.

उलट उदाहरण ह्यूस्टन शहराचं. तिथे बोवेन आणि किसिडा यांनी ४२ शाळांमध्ये, तिसरी ते आठवीच्या साधारण साडेदहा हजार मुलांवर कला-उपक्रमाचा अभ्यास केला. कोणत्या शाळांना उपक्रम मिळणार हे चिठ्ठीनेच ठरलं. शिस्तभंगाच्या घटना ३.६ टक्केबिंदूंनी कमी झाल्या, लेखनाचे गुण प्रमाण विचलनाच्या १३ टक्क्यांनी वाढले. पण त्या उपक्रमात सहली होत्या, शाळेत येणारे कलाकार होते, शाळा सुटल्यावरचे वर्ग होते. त्यामुळे ‘सगळं मिळून उपयोग होतो’ हे कळतं, ‘यातलं काय काढलं तरी चालेल’ हे कळत नाही. धोरण ठरवणाऱ्याला पहिलं उत्तर पुरेसं असतं, सिद्धांत मांडणाऱ्याला दुसरं हवं असतं. तुम्हाला कोणतं हवंय ते आधी ठरवा.

चिठ्ठी निघाली, पण मूल गेलंच नाही

हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. चाळीस मुलांची नावं निघाली. आदल्या दिवशी तिघांना ताप आला, दोघांच्या घरून ऐनवेळी नकार, एकाची गाडीच चुकली. चौतीस गेली. विश्लेषणात ती सहा मुलं कुठे धरणार?

मोह होतो, की त्यांना ‘न गेलेल्या’ गटात टाकावं, किंवा सरळ वगळावं. दोन्ही केलं तर चिठ्ठीचा फायदा गेला. कारण ऐनवेळी गळणारी मुलं पुन्हा नशिबाने नाही, परिस्थितीने गळतात. म्हणून मूल ज्या गटात चिठ्ठीने पडलं त्याच गटात धरायचं, गेलं असो वा नसो. यातून परिणाम थोडा कमी दिसतो, पण तो ‘अशी सहल देऊ केली तर काय होईल’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असतो. आणि सरकार किंवा संस्था सहल देऊच करू शकते, मुलाला उचलून गाडीत बसवू शकत नाही.

आपल्याकडे करायचं ठरलं तर

आर्कान्साचे आकडे सोलापूरला लावू नका. तिथली शाळा वेगळी, संग्रहालय वेगळं, मुलांनी आधी काय पाहिलंय तेही वेगळं. उचलायची ती रचना. कच्चा आराखडा असा होऊ शकतो:

१. निवडलेल्या मुलांना सहल मोफत असली पाहिजे. नाव निघालं पण वर्गणी भरायची आहे, म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला पक्षपात मागच्या दाराने परत आला. पैशाची सोय होत नसेल तर हा अभ्यास थांबवा, दुसरा प्रश्न घ्या.

२. इच्छुक शाळांचे अर्ज घ्या, सारख्या शाळांच्या जोड्या लावा, जोडीत चिठ्ठी टाका. मागे राहिलेल्या शाळेला पुढच्या सत्रातली सहल लेखी कबूल करा, आणि ती न्याच.

३. तिसरा गट ठेवता आला तर उत्तम. आपल्याकडे त्यासाठी तयार सोय आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून प्रदर्शन घेऊन शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जाते. एक गट मुंबईला गेला, एका गटाकडे बस आली, एक थांबला. मोठ्या शहरात जाण्यातच काही वेगळं आहे का, हा प्रश्न यातून विचारता येईल. शाळांच्या आणि सरकारच्या खर्चाच्या दृष्टीने हा फार उपयोगाचा प्रश्न आहे.

४. पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलालाही विचारा. बाराव्या वर्षी मूल ‘मला निबंध लिहायचा नाही’ असं म्हणू शकतं, आणि ते ऐकायचं असतं. संमतीपत्र साध्या मराठीत लिहा आणि गरज पडेल तिथे वाचून दाखवा.

५. निबंधाचं चित्र असं निवडा, जे सहलीत नाही आणि पाठ्यपुस्तकातही नाही. दोन तपासनीस ठेवा, गट दोघांपासून लपवा, आणि दोघांचं किती जुळतं तेही लिहा.

६. महिन्याने एकदा मोजा आणि जमलं तर वर्षाने पुन्हा. क्रिस्टल ब्रिजेसचं मोजमाप सरासरी तीन आठवड्यांचं आहे. तीन आठवडे टिकलेलं आयुष्यभर टिकतं असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

एकट्या पीएचडी विद्यार्थ्याला हे सगळं झेपेलच असं नाही. वेळ कमी, पैसा त्याहून कमी. मग प्रश्न लहान करा: एकच तालुका, एकच इयत्ता, एकच मोजमाप. त्यातून निघणारा निष्कर्षही तेवढाच लहान ठेवा. पण तुलनेचा गट कापू नका. बाकी कुठेही काटकसर चालेल.

जाता जाता एक काम देतो. तुमचा स्वतःचा विषय घ्या, मग तो सिंचनाचा असो, औषधाचा किंवा मोबाइलच्या वापराचा. एका कागदावर चार ओळी लिहा: कोणावर, कशावर, कशाच्या तुलनेत, किती दिवसांनी. मग पाचवी ओळ लिहा: ‘माझ्या अभ्यासात घरी राहिलेली बावीस मुलं कोण?’ म्हणजे जी माणसं, शेतं किंवा रुग्ण तुमच्या विदेत येणारच नाहीत, ती कोणती आणि का? ही पाचवी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या. समितीसमोर जाण्याआधी ती मार्गदर्शकांना दाखवा, आणि त्या माणसांपर्यंत पोहोचायला अजून काय करता येईल यावर त्यांच्याशी बोला.